कृष्णवर्णीय महाविद्यालये आणि विदाविज्ञान

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा विदाविज्ञानातील (डेटा सायन्स, म्हणजे आकडेवारी गोळा करून तिच्यातून अर्थ काढण्याचे शास्त्र) सहभाग त्यांच्याच जुन्या शिक्षणसंस्थांच्या आधारे वाढवण्याचा प्रयत्न. १९६४ पूर्वी मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थांना १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने वेगळी ओळख दिली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘एचबीसीयू’ म्हणतात. आज त्या सुमारे शंभर आहेत. सर्वांत जुनी पेनसिल्व्हेनियातील चेनी (१८३७). पण बहुतेक संस्था गुलामगिरी संपल्यानंतर दक्षिणेकडील राज्यांत उभ्या राहिल्या. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेली टस्कीगी ही त्यांतलीच.

या संस्थांत विदाविज्ञान अलीकडे बाहेरून आले, असा समज होऊ शकतो. तो खरा नाही. १८९६ मध्ये अमेरिकेतील एका विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने मृत्युदराचे आकडे मांडून कृष्णवर्णीय समाज वंशदोषामुळेच ऱ्हास पावत असल्याचा निष्कर्ष काढला, आणि कृष्णवर्णीयांना विमा नाकारायला त्याचा आधार घेतला गेला. गरिबी, दाटीवाटीची घरे, न मिळणारे उपचार यांचा हिशेब त्यात नव्हता. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी या मांडणीवर टीका केली. १८९७ पासून अटलांटा विद्यापीठ या कृष्णवर्णीय संस्थेत शिकवताना त्यांनी कृष्णवर्णीयांच्या जीवनाची पद्धतशीर पाहणी चालवली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने साठेक रंगीत आलेख हाताने काढले. त्यांतल्या एका सर्पिलाकार आलेखात जॉर्जियातील कृष्णवर्णीयांच्या घरातील व स्वयंपाकघरातील सामानाची करासाठी ठरवलेली किंमत आहे: १८७५ मध्ये २१,१८६ डॉलर, १८९९ मध्ये १४,३४,९७५ डॉलर. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी एका पिढीत किती संसार उभा केला, ते त्या एका रेषेत दिसते. (याच डू बॉइस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.)

संख्याशास्त्रातील राव–ब्लॅकवेल प्रमेयात आपल्या सी. आर. राव यांच्या नावाला जोडलेले डेव्हिड ब्लॅकवेल हेही याच परंपरेतले. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे जवळपास बंद असल्याने त्यांनी अध्यापकाच्या जागेसाठी शंभरावर कृष्णवर्णीय महाविद्यालयांकडे अर्ज केले होते. १९४४ ते १९५४ ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या कृष्णवर्णीय विद्यापीठात होते, आणि प्रमेयातील त्यांचा वाटा १९४७ चा, म्हणजे तिथलाच. नासातील गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन आणि उपग्रहांच्या नोंदींवरून पृथ्वीच्या आकाराचे गणित बसवून जीपीएसला आधार देणाऱ्या ग्लॅडिस वेस्ट याही कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्याच पदवीधर.

मोजणी कोण करतो हा प्रश्न संगणकामुळे सुटला नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत त्यांची चूक फार तर ०.८ टक्के होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. २०१९ मधील दुसऱ्या एका अभ्यासात आढळले, की रुग्णालयांत वापरली जाणारी एक प्रणाली रुग्णाची गरज त्याच्यावर होणाऱ्या खर्चावरून ठरवत होती. कृष्णवर्णीयांवर मुळात खर्चच कमी होत असल्यामुळे ते कमी आजारी ठरत. ही चूक दुरुस्त केली तर जादा मदतीसाठी निवडलेल्यांत त्यांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाते. उपचाराला न मिळालेला पैसा म्हणजे आजार नसणे नव्हे, ही शंका ज्याच्या घरात तो अनुभव आहे त्याला लवकर येते. सहभागाची मागणी म्हणूनच नोकऱ्यांपुरती नाही.

२०१९ मध्ये अटलांटातील क्लार्क अटलांटा, मोरहाउस, स्पेलमन आणि मोरहाउस वैद्यकीय महाविद्यालय या शेजारी कृष्णवर्णीय संस्थांनी मिळून विदाविज्ञान उपक्रम सुरू केला. गणितज्ञ टलिथा वॉशिंग्टन यांनी त्याचे नेतृत्व केले. डू बॉइस यांचे अटलांटा विद्यापीठ आणि क्लार्क महाविद्यालय १९८८ मध्ये एकत्र येऊन क्लार्क अटलांटा विद्यापीठ झाले, तेव्हा हे काम अक्षरशः त्यांच्याच अंगणात चालते. विदाविज्ञान संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरते न ठेवता समाजशास्त्र, आरोग्य, इतिहास, कला अशा विषयांत मिसळायचे आणि त्यासाठी आधी अध्यापकांनाच तयार करायचे, ही त्याची पद्धत. मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण प्रश्न त्या विषयांतूनच येतात. २०२२ मध्ये संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या १ कोटी डॉलरच्या अनुदानातून इतर एचबीसीयूंना जोडणारी राष्ट्रीय आघाडी उभी राहिली.

अडचण हुशारीची नाही, पैशाची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे पाठवून कळवले, की शेती व तंत्रशिक्षणासाठीच्या १८९० च्या कायद्याखालील कृष्णवर्णीय विद्यापीठांना, त्याच राज्यांतील गोऱ्यांच्या तशा विद्यापीठांच्या तुलनेत, तीन दशकांत मिळून १२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कमी मिळाली. एकट्या टेनेसी स्टेट विद्यापीठाचे २.१ अब्ज. महागडे संगणक, प्रयोगशाळा, संशोधनाला वेळ देणारा अध्यापकवर्ग हे सारे याच पैशातून उभे राहायचे होते. २०२५ मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने वंचित गटांचा सहभाग वाढवण्यासाठी दिलेली अनेक अनुदाने मुदतीआधीच रद्द केली.