डिफेन्स भारी म्हणजे चॅम्पियनशिप पक्की? अहो, थांबा जरा

'डिफेन्सच कप जिंकून देतो' हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की लोकांना तो नियमच वाटतो, आणि मग एनबीएत (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) सीझनभर भिंतीसारखी उभी असलेली टीम प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, ढेपाळली की 'प्रेशर झेपलं नाही' म्हणून मोकळे. ते अर्धवट आहे. २००४ला डेट्रॉइट पिस्टन्सनी डिफेन्सच्या जोरावर लेकर्सना ४-१ लोळवलं हे खरंय, पण सगळ्यांचं तसं होत नाही.

सीझनमध्ये समोरची टीम रोज वेगळी, तुमच्या सिस्टमचा अभ्यास करायला वेळच नसतो. प्लेऑफमध्ये मात्र तीच टीम सातपर्यंत मॅच खेळते, कमजोर जागा शोधते आणि तिथेच मारत राहते. २०२१चा यूटा जॅझ बघा. त्यांचा गोबेअर म्हणजे रिंगखालचा राजा, त्या वर्षीचा बेस्ट डिफेंडर. समोरच्या क्लिपर्सनी काय केलं, पाचही शूटर बाहेर पसरवले, आता गोबेअर रिंग सांभाळणार की कॉर्नरला पळणार? सहाव्या मॅचमध्ये जॅझ २५नी पुढे होता, क्लिपर्सचा स्टार कवाय लेनर्ड जखमी होऊन बाहेर, तरी त्यांच्याच टेरेन्स मॅनने ३९ पॉइंट ठोकले, त्यात सात थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट)! जॅझ हरल्यावर गोबेअरला शिव्या पडल्या, पण जॅझचे बाहेरचे गार्ड (रिंगपासून लांब अडवणारे) सहज बीट होत होते त्याचं काय?

दुसरं म्हणजे अटॅक. प्लेऑफमध्ये फास्टब्रेक (समोरचे सावरायच्या आत पळून केलेले अटॅक) कमी मिळतात, आणि तुमच्या स्टॉपरला, म्हणजे डिफेन्सवाल्या खेळाडूला, शूट जमत नसेल तर त्याला सरळ मोकळा सोडून त्याचा माणूस तुमच्या स्टारवर डबल टीमला, म्हणजे दोघांनी मिळून त्याला अडवायला, जातो.