नागपूर–मुंबई हवाई अंतर व प्रवासकाळ

नागपूरच्या सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे 685 किमी. असून जेट विमानाला साधारण दीड तास लागतो. समृद्धी महामार्ग 701 किमी. लांबीचा आहे, वर्धा, अकोला, भुसावळ असा जाणारा लोहमार्ग सुमारे 837 किमी. भरतो.

हवाई अंतर बृहद्वृत्ताच्या कंसावर, म्हणजे पृथ्वीच्या गोल पाठीवरील सर्वांत जवळच्या वाटेने मोजतात. ताशी 800 किमी. वेगाने हे अंतर पाऊण तासाहून थोड्या अधिक वेळात कापता यावे. पण वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरणे आणि गर्दीच्या मुंबईवर आपल्या पाळीसाठी घिरट्या घालणे, हे सारे त्यात येते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरात असतात. मुंबईकडे जाताना ते समोरून लागतात आणि परतताना पाठीवर घेता येतात.

अंतर कमी म्हणजे वेळही कमी, असे नसते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची सेवा सुरू झाली. हे अंतर जेमतेम 540 किमी., तरी वेळापत्रकात पावणेदोन तास धरले गेले. कारण या मार्गावर आणलेले एटीआर 72 हे पंख्याचे विमान जेटपेक्षा बरेच हळू उडते. तरीही अचलपूर, चांदूर बाजार, दर्यापूरकडच्या माणसाला बेलोराच सोयीचे. नागपूरपर्यंतचा रस्ता वाचतो, आणि खरा वेळ तिथेच जात असतो.

ग्रामीण विदर्भात प्रवासकाळ गावातून निघाल्यापासूनच मोजला पाहिजे. भामरागडहून आलापल्ली, गडचिरोली करत नागपूर गाठायचे तर साडेतीनशे किलोमीटरांच्या घरात रस्ता पडतो. मुंबईच्या विमानप्रवासाच्या कित्येक पट वेळ एसटीत जातो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, मग तिकीट हातात असूनही उपयोग नाही. शिवाय विमान सुटण्याच्या सुमारे तासभर आधी सामान घेणे बंद होते. त्यामुळे सकाळचे विमान असेल तर दूरच्या गावातील माणसाने आदल्या दिवशीच नागपुरात मुक्कामाला यावे. उपचारासाठी मुंबईला निघालेल्या कुटुंबाच्या हिशेबात हा मुक्कामाचा खर्चही धरायला हवा. तो तिकिटावर छापलेला नसतो.

नागपूरचे मध्यवर्ती स्थान विमानसेवेला फार पूर्वीच उपयोगी पडले. येथून दिल्ली सुमारे 855, चेन्नई 910 आणि कोलकाता 985 किमी. या हिशेबावर 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत.

पश्चिम विदर्भाला मात्र नागपूर नेहमीच जवळचे ठरत नाही. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा या भागातून छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ रस्त्याने पुष्कळच जवळ पडतो, आणि तेथून मुंबईचे हवाई अंतरही नागपूरच्या निम्म्याहून कमी आहे.