मनात मुरलेला समलिंगीद्वेष मोजायचा कसा?

समलिंगी आकर्षणाबद्दलचा तिरस्कार लहानपणापासून ऐकत आलेला पुरुष कित्येकदा तोच स्वतःवर उलटवतो. हा द्वेष प्रश्नावलीने मोजतात. मार्टिन आणि डीन यांची १९८० च्या दशकातली नऊ विधानांची मोजपट्टी आजही वापरात आहे. तिचा पाया ‘डीएसएम-३’ या अमेरिकन मनोविकार निदान-पुस्तिकेतल्या, स्वतःला न पटणाऱ्या समलैंगिकतेच्या निदानाचा. ते निदान १९८७ मध्ये वगळलं गेलं, आणि ते योग्यच झालं. १९९६ ची रॉस आणि रॉसर यांची २६ विधानांची मोजपट्टी चार बाजू पाहते: उघड ओळख, कलंकाची जाणीव, इतर गे पुरुषांमधला मोकळेपणा आणि नैतिक-धार्मिक स्वीकार.

खरी अडचण इथेच आहे. ‘मी गे आहे हे ऑफिसात कळलं तर मला भीती वाटते’ याला होकार देणारा स्वतःचा द्वेष करतो, की नोकरी जाईल म्हणून जपून राहतो? अशी विधानं बेरजेत मिसळली, तर बाहेरचा धोका त्या माणसाच्या मनाच्या खाती जमा होतो. आमच्या मते उघडपणाचे गुण वेगळेच ठेवावेत. बायसेक्शुअल पुरुषांच्या बाबतीत तर ‘पूर्णपणे स्ट्रेट होता आलं असतं तर बरं’ या विधानाचा अर्थच वेगळा लागू शकतो. म्हणून दोन्ही गटांची सरासरी शेजारी ठेवण्याआधी विधानं दोघांकडे सारखीच चालतात का, हे तपासावं लागतं.

गुण देताना उलट विधानं, म्हणजे ज्यांना होकार देणं कमी द्वेष दाखवतं ती, विसरतात. १ ते ५ च्या श्रेणीत ‘मी जसा आहे त्यात मला समाधान आहे’ याला ५ मिळाले, तर मोजायचा ६ वजा ५, म्हणजे १. हे राहून गेलं की त्या विधानाचा बाकीच्यांशी सहसंबंध ऋण येतो आणि क्रॉनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) घसरतो. अल्फा ०.७ च्या खाली दिसला, तर आधी हेच पाहावं.

बहुतेक उत्तरं १-२ कडे, म्हणजे कमी द्वेषाकडे, गोळा होतात; एक कारण म्हणजे सर्वात जास्त लाज वाटणारे पुरुष सहसा अभ्यासात येतच नाहीत. समोर बसून विचारण्यापेक्षा निनावी फॉर्म दिला, तर उत्तरं जास्त खरी मिळतात.

या मोजपट्ट्या गटांच्या अभ्यासासाठी आहेत. ‘इतक्या गुणांपुढे आजार’ अशी रेषा त्यांत नाही. समुपदेशकाने बेरजेऐवजी कोणत्या विधानाला ५ दिले ते पाहावं आणि बोलणं तिथूनच सुरू करावं.