ताप उतरला, तरी सांधे का धरतात?

दसरा-दिवाळीला खान्देशात कापसाची वेचणी ऐन भरात असते आणि चिकुनगुनियाची साथ आली तर तीही बहुधा याच सुमारास येते. मग गल्लोगल्ली एकच तक्रार ऐकू येते, "ताप गया, पन हातपाय दुखतस." फुटलेलं बोंड समोर असतं, पण त्यातला कापूस चिमटीत धरून ओढता येत नाही. मनगट वळत नाही, सकाळी उठल्यावर कितीतरी वेळ मूठ मिटत नाही. लोक म्हणतात, ताप हाडात मुरला. तो काढायला सलाईन लागते, अँटिबायोटिकचा कोर्स होतो आणि त्यानेही भागलं नाही तर बिब्ब्याचा चटका.

ताप हाडात मुरत नाही. पण आत काहीतरी मागे राहतं, हा लोकांचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. ते काय असतं आणि नेमकं सांध्यातच का अडकतं, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते.

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून. निरोगी गुडघ्यात हा द्रव चहाच्या चमच्याभरही नसतो. तो येतो सांध्याच्या आतल्या अस्तरातून, म्हणजे सायनोव्हियममधून. शरीरात इतर ठिकाणी अशा अस्तराच्या पेशींखाली एक घट्ट पातळ पडदा असतो. सायनोव्हियमला तो नाही. शिवाय तिथल्या केशवाहिन्यांना बारीक छिद्रं असतात. कूर्चेला अन्न पोचावं म्हणून ही वाट मोकळी ठेवलेली आहे, पण मोकळ्या वाटेने अन्नाबरोबर बाकीचंही येतं. रक्तातून फिरणारे जंतूंचे तुकडे आणि ते गिळलेल्या पांढऱ्या पेशी इथे सहज उतरतात. अस्तरातच मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी बसलेल्या असतात. त्या हे तुकडे गिळतात, पण सगळेच पचवू शकत नाहीत.

१९६२ साली अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावर शिगेला जिवाणूमुळे रक्ती आवेची साथ आली. १२७६ जणांपैकी ६०२ जण आजारी पडले. पोट बरं झालं, पण पुढे त्यांच्यातल्या ९ जणांचे सांधे सुजले. याला रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. पोट बिघडवणारे साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, येर्सिनिया हे जिवाणू आणि लैंगिक संबंधातून पसरणारा क्लॅमिडिया यांच्या संसर्गानंतर एक ते चार आठवड्यांत तो उद्भवू शकतो. अशा गुडघ्यातलं पाणी तपासलं तर नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत. मग सूज कशाने? १९८९ साली फिनलंडमधल्या संशोधकांना अशा रुग्णांच्या सांध्यातल्या पेशींमध्ये येर्सिनियाचे अवशेष सापडले. कापूस निघाला तरी पऱ्हाट्या शेतात उभ्या राहतात, तसं जंतूच्या आवरणाचं चिवट द्रव्य मागे उरलेलं होतं.

पण मग ६०२ पैकी ९ जणांनाच का? त्या नऊपैकी पाच जण पुढे सापडले, आणि त्यातल्या चौघांमध्ये एचएलए-बी२७ हे जनुक निघालं. एचएलए रेणूंचं काम असतं पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर पृष्ठभागावर मांडून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना दाखवणं. बी२७ जो तुकडा दाखवतो तो आपल्याच सांध्यातल्या एखाद्या प्रथिनासारखा असावा आणि टी-पेशी फसत असाव्यात, असा एक तर्क आहे. दुसरा तर्क असा की बी२७ ची घडी नीट बसत नाही, अर्धवट घडीचे रेणू पेशीत साचतात, त्या ताणाने पेशी इंटरल्युकिन-२३ हा सूज पेटवणारा संदेश-रेणू सोडते आणि त्यातून इंटरल्युकिन-१७ ची साखळी सुरू होते. मला दुसरा तर्क जास्त पटतो, पण वाद मिटलेला नाही.

चिकुनगुनियाचा विषाणू महाराष्ट्राला जुना आहे. १९७३ साली बार्शीत त्याची साथ आली होती, नंतर २००५-०६ मध्ये तो देशभर उसळला. त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर मोठी साथ होती. तिथल्या एका रुग्णाच्या सांध्यातल्या मॅक्रोफेजमध्ये तब्बल दीड वर्षानंतर विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) आणि प्रथिनं आढळली. उलट कोलंबियातल्या रुग्णांच्या सांध्यातल्या द्रवात काहीच सापडलं नाही, तरी सांधे दुखतच होते. म्हणजे काहींच्या बाबतीत अवशेषही संपतात आणि पेटलेली प्रतिकारशक्ती तेवढी धुमसत राहते. अँटिबायोटिक तर विषाणूवर मुळात चालतच नाही, आणि सलाईनच्या मीठ-पाण्याने सांध्यातली सूज उतरायचं काही कारण नाही.

अँटिबायोटिक कुठे लागतंच, तेही सांगायला हवं. एकच सांधा लाल, गरम, टम्म सुजलेला आणि सोबत ताप असेल, तर आत जिवंत जिवाणू असू शकतात. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठावं, कूर्चा काही दिवसांत नष्ट होते. दुसरं, लहान मुलाचा घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी आज गुडघा, उद्या घोटा असं फिरतं दुखणं सुरू झालं, तर ऱ्हुमॅटिक फीव्हरची शंका घ्यावी. सांधे पूर्ण बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. त्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं द्यावं लागतं, ते मधेच सोडू नये.

बिब्ब्याबद्दल स्पष्टच लिहितो. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, कधी पिकतात. सांध्याच्या अस्तरापर्यंत त्याचं औषध म्हणून काहीही पोचत नाही. संसर्गानंतरची ही दुखणी बहुतेकांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरतात, आणि ओसरताना जो उपाय शेवटी केलेला असतो त्याला श्रेय मिळतं. नाव-गाव नसलेल्या पुडीचं त्याहून वाईट. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आराम दोन दिवसांत पडतो, म्हणून माणूस ती महिनोन्‌महिने खातो आणि साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. तीन महिन्यांनंतरही सांधे सुजलेले असतील तर संधिवाततज्ज्ञाला दाखवावं. जळगाव, धुळ्याला जायला लागलं तरी जावं.

चिकुनगुनियाचा विषाणू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्याकडे अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ड्रम, टाक्या, रांजण भरून ठेवण्यावाचून इलाज नसतो. उन्हाळा संपल्यावर अंगणात ढकललेल्या कूलरच्या टाकीतही पावसाचं पाणी साचतं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवून, आणि ती कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम नुसता रिकामा करून पुरत नाही, आतून काथ्याने घासून काढावा लागतो आणि भरल्यावर वरून फडकं घट्ट बांधावं लागतं.