फायबर चढवलं की जुनी होडी सडत नाही?

कोकण किनाऱ्यावर जुनी लाकडी होडी दुरुस्तीला काढली की सल्ला ठरलेला: ‘वरून फायबर मारा, लाकूड पुन्हा सडायचं नाही.’ फायबर म्हणजे काचतंतू आणि राळेचा कडक थर. पण तसं होत नाही. लाकूड कुजतं ते बुरशीमुळे, आणि बुरशीला साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल लागते. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या फळ्यांत तेवढी ओल असतेच. बाहेरून फायबर बसवलं की ती आत कोंडते. शिवाय खरा घात करतं ते खारं पाणी नव्हे, तळाशी साचलेलं पावसाचं गोडं पाणी. ते तर आतूनच मुरतं. फळ्या फुगतात, आकसतात. फायबर तसं हलत नाही, म्हणून थर सुटतो. तोवर आतली कूज दिसत नाही, हे सर्वांत वाईट.

फायबरमुळे लाकूड पोखरणारे समुद्री किडे अडतात, एवढं मात्र खरं. नव्या, नीट सुकवलेल्या लाकडावर ते चालेल. जुन्या होडीला काजूच्या टरफलांचं तेल बरं. ते पुन्हापुन्हा लावावं लागतं, पण खराब फळी नजरेस पडते. किड्यांचा त्रास असेल तर पाण्याखालच्या भागाला तांब्याचा अंश असलेला रंग द्यावा. व्हार्निश? उन्हात सोलतं. शोभेपुरतं ठेवा.