फक्त तणावर फवारणी: या तंत्राची पार्श्वभूमी

कॅमेऱ्याने तण ओळखून तेवढ्यावरच औषध सोडणारी यंत्रं अमेरिकेत सोयाबीन-कपाशीच्या शेतात चालू लागली आहेत. बातम्या वाचून हे सगळं संगणकवाल्यांच्या डोक्यातून निघालं असं वाटतं. पण त्याची खरी निकड निर्माण केली ती तणनाशकांनीच.

१९७४ साली बाजारात आलेलं ग्लायफोसेट हे तणनाशक हिरवं दिसेल ते मारायचं, त्यामुळे उभ्या पिकात वापरता येत नसे. १९९६ मध्ये ते सहन करणारं जीएम (जनुकीय बदल केलेलं) सोयाबीन अमेरिकेत आलं आणि शेतकरी बाकीचे उपाय सोडून त्याच एका औषधावर विसंबले. पुढच्या दशकात अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातल्या कपाशीत पामर अ‍ॅमरँथ, म्हणजे आपल्या काटेमाठाचा भाऊबंद, औषधाला दाद देईना. त्याच्या एका झाडाला लाखो बिया धरतात. तिथे पुन्हा मजूर लावून तण उपटायची पाळी आली.

नेमकी फवारणी त्याआधीच सुरू झाली होती, पण पडीक रानात. ऑस्ट्रेलियात दोन हंगामांच्या मधे विरळ तण जमिनीतली ओल खातं. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं, मातीचं तसं नसतं. १९९०च्या दशकातले सेन्सर हा फरक टिपून तेवढंच नोझल उघडत. उभ्या पिकात मात्र त्यांचा उपयोग नव्हता, कारण पीकही हिरवंच!

ही कोंडी फोडली छायाचित्रांवर शिकवलेल्या संगणकाने. २०११ मध्ये स्थापन झालेल्या ब्लू रिव्हर या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने सुरुवात केली ती लेट्यूसच्या विरळणीपासून. २०१७ मध्ये जॉन डिअर या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीने ती ३०.५ कोटी डॉलरना घेतली. २०२२ साली जाहीर झालेल्या त्यांच्या फवारणी यंत्रावर ३६ कॅमेरे आहेत.

आपल्याकडे विदर्भात कपाशी चौफुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही ओळी जुळतील अशी टोबून, उभी-आडवी डवरणी (ओळींमधली कोळपणी) करतात. तण उरतं ते फक्त झाडाच्या बुडाशी, तेवढंच निंदायचं. नेमकेपणा तो हाच. पण निंदणाला बाया मिळेनात, म्हणून तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचं विनापरवाना बियाणं पसरलं; २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात ते उघडपणे लावलं. जॉर्जिया ज्या वाटेने गेलं तीच ही वाट, आणि मला तिची काळजी वाटते.

फवारणीचे ड्रोन आले म्हणून हा प्रश्न सुटत नाही. बहुतेक ड्रोन पट्टा धरून सरसकट फवारतात, तण आणि पीक त्यांना सारखंच. ओळखायला शिकवायचं तर आपल्या रानातली छायाचित्रं हवीत. ऑस्ट्रेलियातल्या कुरणांमधून जमवलेला १७,५०९ छायाचित्रांचा संच २०१९ पासून खुला आहे. त्यात गाजर गवत आणि घाणेरी आहे, पण बोर आणि बाभूळही तण म्हणूनच आहेत. कपाशी-तुरीच्या ओळीतला केना, लव्हाळा, हरळी, तीही ढगाळ उजेडात आणि चिखलाने माखलेली, इथेच टिपावी लागेल.