सेल्फिश, इगोइस्ट, नार्सिसिस्ट... हे शब्द आले कुठून?

परवा घरच्या ग्रुपवर भाचीने तिच्या मैत्रिणीला सरळ 'नार्सिसिस्ट' म्हणून टाकलं, कारण काय तर ट्रिपचा जो फोटो तिने स्टेटसला ठेवला त्यात ती एकटीच छान आलीय आणि बाकी दोघींचे डोळे मिटलेत. राग बरोबर आहे तिचा, पण शब्द फार जड झाला, आणि हल्ली हे सगळीकडेच होतंय म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सेल्फिश आपल्याला अगदी साधा शब्द वाटतो, पण तो 1640 च्या दशकातला, इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांची जुंपली होती तेव्हाचा. जॉन हॅकेट नावाच्या बिशपने लिहून ठेवलंय की हा प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी स्वतःच्या टांकसाळीत पाडलेला नवा शब्द आहे. म्हणजे धर्माच्या भांडणात जन्मलेला.

इगोटिझमची गोष्ट मला सगळ्यात आवडते. पॅरिसजवळ पोर्ट-रॉयलचा मठ होता, तिथल्या विद्वान मंडळींना लिहिताना 'मी' वापरणं हाच गर्व वाटायचा, म्हणून त्यांनी आपल्या पुस्तकांतून 'मी'च काढून टाकला आणि 'मी मी' करत लिहिण्याच्या सवयीला इगोटिझम हे नाव दिलं, असं इंग्रज लेखक जोसेफ अ‍ॅडिसनने 1714 मध्ये 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात सांगितलंय. आपण 'मी मी म्हणणारे' म्हणतो ना, अगदी तेच! त्यामुळे इगोटिस्ट म्हणजे सारखं स्वतःबद्दल बोलणारा, फुशारक्या मारणारा, आणि इगोइस्ट म्हणजे फक्त स्वतःचा फायदा बघणारा, आपमतलबी. हा दुसरा तोंडातून एक शब्दही न काढता तुमचं नुकसान करू शकतो, म्हणून हा फरक जपायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आणि 'इगो' म्हणजे लॅटिनमध्ये नुसतं 'मी'. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने तर जर्मनमध्ये साधा रोजचा 'मी'च वापरला होता, इंग्रजी भाषांतरात त्याचा इगो झाला, आणि त्याच्या लेखी तो गर्व नव्हताच, इच्छा आणि बाहेरचं जग यांची सांगड घालणारा मनाचा भाग होता. आपल्या अहंकाराचंही तसंच, सांख्य दर्शनात ते बुद्धीतून निघणारं एक तत्त्व आहे, शिवी नाही. आता मात्र 'त्याचा इगो दुखावला' म्हटलं की पुढचं कुणाला समजवावं लागत नाही.

व्हेन (vain), म्हणजे स्वतःच्या दिसण्यावर भारी खूश असणारा, याचा मूळ अर्थ पोकळ, आणि सुपरसिलियस, म्हणजे दुसऱ्याला तुच्छ लेखणारा, हा लॅटिनमधल्या भुवईवरून आलाय, कारण असा माणूस भुवया चढवूनच बघतो.

आता नार्सिसस, ज्याच्यावरून नार्सिसिस्ट हा शब्द आला. रोमन कवी ओव्हिडने इसवी सन 8 च्या सुमारास त्याची कथा लिहिली. हा पोरगा तळ्याकाठी पाणी प्यायला वाकतो, आत दिसणाऱ्या चेहऱ्यावर भाळतो, पण तो आपलाच आहे हे त्याला आधी कळतच नाही, दुसरा कुणीतरी आहे असं समजून हात घालतो, हाती काही लागत नाही, मग कधीतरी उमगतं की अरे तो मीच, आणि रडायला लागतो तर आसवांनी पाणी हलून तो चेहराही पुसट होतो. किती एकटा आहे तो! 1898 मध्ये इंग्रज डॉक्टर हॅवलॉक एलिसने आणि 1899 मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ पॉल नेकेने हे नाव मनोविकारांच्या चर्चेत आणलं, 1914 मध्ये फ्रॉइडने त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि 1980 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर आला. सध्याच्या मॅन्युअलमध्ये त्याचे 9 निकष आहेत आणि त्यातले किमान 5 लागतात, तेही वागण्याची कायमची रीत म्हणून, एखाद्या दिवशीचे नाहीत.

एका फोटोवरून त्यातला एकही ठरत नाही. भाचीला म्हटलं, व्हेन म्हण, अगदीच राग असेल तर सेल्फिश म्हण. तिने विचारलं मराठीत काय म्हणू, तर 'आपलपोटी' लिहून पाठवला, आणि हा शब्द तिने आजवर ऐकलाच नव्हता.